आयेशानं मान उचलली होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. आणि त्याला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी सांगते.

नांदेडला लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात मी सिस्टर आहे. काम मनापासून आवडतं. लेकराला श्वासाच्या मशीनवरून उतरवणं म्हणजे सायकल शिकवणं — मागून धरलेला हात हळूहळू सोडायचा. नळी निघाल्यावर पोरगं पहिल्यांदा खोकतं ना, ते ऐकायला मी सुट्टीच्या दिवशीही येईन. येईन? — बघा, इथंच मी अडखळते.

अर्धापूरच्या केळीवाल्याची आयेशा. झोपेत मण्यार चावली, अंग लुळं पडलं, श्वास मशीनवर गेला. मग हळूहळू ताकद परतली. अशा लेकराची नळी काढण्याआधी आम्ही बघतो, उशीवरून मान उचलून धरते का. त्या सकाळी मी तिला म्हणाले, मान उचलून दाखव, आज नळी काढू. तिनं उचलली. धरलीसुद्धा — माझ्याकडे बघत.

आणि मला आठवला मुरुडचा साखरपुडा. माझ्या भाचीचा. नळी काढली की ड्युटी संपली तरी लेकराजवळून हलता येत नाही, आणि आमच्याकडे ते काम माझंच. दुपारची एसटी चुकली असती. तेवढ्यात डॉक्टर आले. दारात दुसरं लेकरू आणलेलं, त्यांना घाई. त्यांनी मलाच विचारलं. माझ्या शब्दावर त्यांचा भरवसा.

"अजून मान धरत नाही," मी म्हणाले. "उद्या बघू."

आयेशा पूर्ण शुद्धीत होती. तिनं ऐकलं.

साखरपुड्यात मी पोटभर जेवले, फोटोत हसले — हेही सांगायला हवं ना? दुसऱ्या दिवशी नळी निघाली, सगळं नीट झालं. आता ती ठणठणीत आहे, शाळेत जाते, आणि तिला बघून मला फार आनंद होतो. तो आनंद खोटा नाही. तिचे अब्बा केळी घेऊन येतात, म्हणतात, तुमच्यामुळं लेकरू घरी आलं. मी केळी घेते. खातेही.

परवा तिनंच विचारलं, "सिस्टर, मी तवा लई रडले होते का?"

"न्हाई गं," मी म्हणाले. "आवाजसुद्धा काढला न्हाईस."

घशात नळी असली की रडण्याचा आवाज येत नाही. एसटीला निघण्याआधी तिच्या उशीचा ओला अभ्रा मीच बदलला होता.