केराबाईला आत बसवलं तो दिवस

राजश्री काय काम करते हे सांगितलं की लोकांना आधी हसू येतं. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामगार जे सुती हातमोजे घालतात, ते चार दिवसांत तेलानं काळेकुट्ट होतात. पूर्वी ते फेकून द्यायचे. आता पोती भरून राजश्रीच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये येतात आणि धुऊन, वाळवून, उसवलेले शिवून, जोड्या लावून परत जातात. तिची नणंद अजून विचारते, "मोजे धुऊन कुठं पोट भरतं का गं?" भरतं की. टॉवेलचा कारखाना बंद पडून नोकरी गेल्यावर राजश्रीच्या नवऱ्यानं, धर्मपालनं, टेम्पो घेतला. तो पोती आणतो-नेतो आणि राजश्री शेड सांभाळते. त्यावर त्यांचं घर चालतं आणि तिथं राबणाऱ्या चार बायांचंही चालतं.

त्या चौघींत केराबाई सगळ्यांत जुनी. राजश्री बी.कॉम. झालेली, नेटकी बाई. पण तेलकट मोज्यांना पाणी किती कढत लागतं, सोडा किती घालायचा, हे बी.कॉम.ला कोण शिकवणार? सुरुवातीला दोघींनी मिळून मोज्यांचे ढीगच्या ढीग जाळले, आटवले, चोळामोळा केले आणि कधी हसत, कधी एकमेकींवर खेकसत काम बसवलं. केराबाई तिला वैनी म्हणते. डोक्यावरचा पदर सारखा करत बोलते आणि बोलायला लागली की कुणाची भीड ठेवत नाही.

घोर लागला तो मागच्या वर्षी. परदेशातल्या मोटार कंपनीनं कारखान्याला विचारलं, तुमचा माल पर्यावरणाला, माणसांना सांभाळून तयार होतो का? कारखान्यानं तेच प्रश्न आपल्याला काहीबाही पुरवणाऱ्या सगळ्यांना पाठवले. राजश्री कॉम्प्युटरसमोर बसली. तुमच्या भट्टीत वर्षाला किती धातू वितळतो? धुराड्यातून काय बाहेर पडतं? कच्चा माल कुठल्या खाणीतून येतो?

धर्मपाल मागून वाकून वाचत होता. म्हणाला, "लिही की, पाणी तापवायला एक चूल हाय. धुराडं न्हाय, धूर डोळ्यात जातो."

'हे आम्हाला लागू नाही' असं म्हणायला जागाच नव्हती. रिकामं सोडलं की शून्य. राजश्रीच्या नावापुढं लाल खूण आली. कँटीनवाला, कामगारांच्या बसवाला, पहारेकरी पुरवणारा, सगळेच लाल. कारखान्यातून अभिमन्यू माने यांचा फोन आला. माणूस भला, पण बोलणं स्पष्ट. "ताई, पुढच्या वर्षी परत लाल आलं तर तुमचं काम दुसऱ्याला जाईल. माझ्या हातात काही राहणार नाही."

बसवाल्यानं आणि कँटीनवाल्यानं मिळून बरीच आरडाओरड केली. म्हणाले, आम्ही काही बनवत नाही, सेवा देतो; आम्हाला कारखान्याच्या मापानं कसं मोजता? त्याचा उपयोग झाला. यंदा सेवा देणाऱ्यांसाठी तपासणी वेगळी ठरली. "भट्टी-बिट्टी कुणी विचारणार नाही," माने म्हणाले. "पुण्याहून एक मॅडम येऊन बघतील, बोलतील. आहे तसं दाखवा, घाबरू नका."

त्यातलं राजश्रीनं एवढंच ऐकलं, की कुणीतरी येऊन बघणार.

मग मुलगी बघायला पाहुणे यावेत तशी घरात धांदल सुरू झाली. शेडला चुना दिला. नर्सरीतून कुंड्या भाड्यानं आणल्या. नंदेच्या घरचं नवं वॉशिंग मशीन टेम्पोत घालून आणलं आणि दर्शनी ठेवलं. त्यात मोज्यांचं एक पोतंसुद्धा मावलं नसतं. घंगाळी, घासायच्या फरश्या, सोड्याचे डबे मागं गेले. आणि मग राजश्रीनं बायांना सांगितलं, "उद्या सुट्टी. येऊ नका."

अक्कलकोटकडची गुरम्मा लगेच म्हणाली, "खाडा लावणार न्हाय की?"

"नाही गं. भरपगारी."

गुरम्मा आणि बाकीच्या दोघी खूश होऊन गेल्या. केराबाई मात्र दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी दारात हजर. "घरी बसून काय करू वैनी? सून कटकट करती. पाहुणी येनार तर च्या तरी करीन की."

राजश्रीची नजर तिच्या हातांवर गेली. सोड्यानं सालं निघालेले, भेगाळलेले, नखं पिवळी पडलेली. दिवसभर लोकांचे हातमोजे धुणाऱ्या बाईच्या हातात स्वतःचे मोजे नव्हते. एकदा रबरी आणले होते. महिन्यात फाटले. पुन्हा आणू, आणू म्हणत राहून गेले. राजश्रीला ते रोज दिसायचं, आणि रोज दिसत असल्यामुळं दिसेनासं झालं होतं. आज परक्या बाईच्या डोळ्यांनी बघितलं तेव्हा ते पुन्हा दिसलं.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

"केराबाई, तू जरा आत बस. मागच्या खोलीत. मी हाक मारीपर्यंत."

"का वो?"

"बस म्हणते ना."

मागची खोली म्हणजे न धुतलेल्या मोज्यांच्या पोत्यांची. वर पत्रा, दिवस एप्रिलचे, खिडकी नाही. राजश्रीनं दार नुसतं लोटलं, कडी लावली नाही. पुढं कितीतरी दिवस ती स्वतःला हेच सांगत राहिली, की कडी काही लावली नव्हती.

तपासणीला आलेल्या मॅडम म्हणजे लहानशीच मुलगी होती. ऋतुजा नाव. कुंड्यांकडं तिनं बघितलंही नाही. मशीनकडं बघून म्हणाली, "छान आहे," आणि खुर्ची ओढून बसली. "ताई, इथं काम कोण करतं?"

"आम्ही दोघंच. हे आणि मी. मशीनवर होतं सगळं."

धर्मपालनं एकदम तिच्याकडं बघितलं. मग खाली बघितलं.

"दोघंच?" ऋतुजानं विचारलं. "इतकी पोती?"

"हो."

ऋतुजानं कागदावर काहीतरी टिपलं. पाणी कुठं जातं ते विचारलं, टाक्या बघितल्या, तेल कसं वेगळं काढता ते विचारलं. राजश्री नीट उत्तरं देत होती, आणि तिचा एक कान मागच्या दाराकडं होता. बराच वेळ गेला. मग ते दार उघडलं.

केराबाई भिंतीला धरून आली. चेहरा लालबुंद, पदर घामानं अंगाला चिकटलेला. "पानी पिते आन जाते," ती हळूच म्हणाली आणि माठाकडं गेली.

"या कोण?" ऋतुजानं विचारलं.

राजश्रीच्या तोंडून निघून गेलं, "शेजारच्या मावशी आहेत."

केराबाईचा हात माठावर थांबला. क्षणभरच. मग ती मागं वळून लख्ख हसली. "व्हय व्हय, शेजारचीच. ह्यांच्या माठाचं पानी लई गार, म्हनून येते."

"मावशी, हाताला काय झालं?"

"ह्ये व्हय? सुनेनं भांडी घासाय लावली बाई. आजकालच्या सुना." आणि स्वतःच खो खो हसली. तिचं खोटं राजश्रीच्या खोट्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं, आणि ते तिनं राजश्रीसाठी बोललं होतं. राजश्रीला वाटलं, फरशी दुभंगावी.

ऋतुजानं कागद आवरायला घेतले. "ताई, एक सांगते. मागच्या वेळचं मोजमाप तुमच्यावर अन्याय करणारं होतं, म्हणून यंदा निम्म्याहून जास्त गुण माणसांवर ठेवलेत. किती जणींना काम दिलं, किती वर्षं टिकल्या, त्यांची काळजी कशी घेता. तुमच्याकडं कुणीच नाही म्हणता, तर तो सगळा भाग मला कोरा सोडावा लागेल. म्हणजे परत लाल येईल. मला वाईट वाटतंय."

राजश्रीनं माठाशी उभ्या केराबाईकडं बघितलं.

"ही शेजारची नाही," राजश्री म्हणाली. "ही केराबाई. पहिल्या दिवसापासून इथंच काम करते. आणखी तिघी आहेत, त्यांना मी सुट्टी दिलीय. हात सोड्यानं असे झालेत. मोजे मी आणले नाहीत."

केराबाईनं पेला माठावर पालथा घातला. "आता कामाला आले व्हय मी?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चौकशी करावी तशी म्हणाली.

ते आपण लाजेनं बोललो की गुणांसाठी, हे राजश्रीला आजही ठरवता येत नाही. गुणांचं ऐकण्याआधी तोंड का उघडलं नाही, एवढंच ती स्वतःला विचारते.

ऋतुजानं मग केराबाईजवळ बसून सगळं विचारलं. केराबाईनं खरं-खरं सांगितलं. बाळंतपणात सुनेला दवाखान्यात वैनीनं नेलं हेही सांगितलं, आणि हात रात्री आग करतात हेही. वैनीची बाजू घेतली नाही आणि तक्रारही केली नाही. त्या खोलीत तिला का बसवलं होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेथी निवडताना राजश्रीला आई आठवली. आई शहरातल्या एका घरी धुणंभांडी करायची. पाहुणे आले की बाई म्हणायच्या, तुम्ही जरा मागच्या अंगणात बसा. छोटी राजश्री आईच्या मांडीला टेकून तिथं बसलेली असायची आणि आतले हसण्याचे आवाज ऐकायची. आई काय म्हणायची ते तिला आठवेना. बहुतेक काही म्हणतच नसावी. मेथी तशीच पडून राहिली.

निकाल आला. लाल नाही, पिवळा. सहा महिन्यांत हातमोजे, पंखा आणि मागच्या खोलीला खिडकी करा, काम चालू राहील. मान्यांनी फोनवर अभिनंदन केलं. राजश्रीनं कोपरापर्यंतचे जाड मोजे आणले, मलम आणलं, भिंत फोडून खिडकी बसवली. नंदेचं मशीन परत गेलं. केराबाई मोजे घालते, मलम लावते, पूर्वीसारखीच बडबडते, गुरम्माला चिडवते. राजश्रीनं एकदा धीर करून म्हटलं, "केराबाई, त्या दिवशी माझं चुकलं."

"जाऊ द्या की वैनी. काम ऱ्हायलं ना? मग झालं."

एवढंच. राजश्रीला वाटलं, तिनं भांडायला हवं होतं.

परवा माने स्वतः आले, खिडकी बघायला. बाहेर त्यांची मोटारसायकल थांबली आणि राजश्री त्यांना घेऊन शेडमध्ये आली. बाया काम करत होत्या. केराबाईनं पाहुणा बघितला, हातातले मोजे काढून फरशीवर ठेवले, पदर सारखा केला आणि उठून बाहेर निघाली.

"अगं, कुठं निघालीस?" राजश्रीनं विचारलं.

"बसते की भाईर. तुमचं होऊ द्या," केराबाई म्हणाली. रागानं नव्हे, समजूतदारपणे. आणि गेलीही.

माने खिडकीची चौकट हातानं चाचपून बघत होते. म्हणाले, "हवा चांगली येते हो ताई आता."

राजश्री हो म्हणाली.