सासऱ्यांची काहील

संकटांवर माझ्या सासऱ्यांइतका गाढ विश्वास असलेला दुसरा माणूस सबंध सातारा जिल्ह्यात नसेल. देवावरसुद्धा त्यांचा एवढा नव्हता. कराडच्या खाली कृष्णाकाठच्या एका गावात ते हेडमास्तर होते, आणि जग बेसावध आहे याचा त्यांना आठही प्रहर संताप येई. एकाचा घसा बसला तर म्हणून आमच्या लग्नात त्यांनी दोन भटजी सांगून ठेवले होते. जावई एकच ठेवला, हे माझं नशीब.

दुसरं महायुद्ध संपल्यावर निवडणूक आली आणि मतदानाचं केंद्र त्यांच्याच शाळेत आलं. झालं! कंदील दुप्पट, शाई दुप्पट. साप निघाला तर म्हणून व्हरांड्यात गारुडी बसवला. त्याच्या टोपलीला भिऊन मतदार आत येईनात, तेव्हा चिडचिड करत त्याला पिंपळाखाली हलवला. पलीकडच्या वाडीचे मतदार होडीनं येणार, आणि होडी फुटली तर? म्हणून त्यांनी गुऱ्हाळावरची काहील मागितली. उसाचा रस आटवायची ही अगडबंब कढई. पुरात आमच्याकडे माणसं तीत बसून नदी ओलांडतात. पण हे दिवस थंडीचे. गुऱ्हाळवाला म्हणाला, "आवं मास्तर, पूर कुटं हाय? मी रस काय डोक्यावर आटवू?"

"आटव! माणसाचं मत बुडाल्यावर तुझा गूळ काय चाटायचाय?" सासरे कडाडले. काहील घाटावर आली.

होडी फुटली नाही. ती साहेबानं नेली. मुक्कामाला आलेल्या एका बड्या साहेबाला ऐन मतदानादिवशी बदकं मारायची हुक्की आली, आणि तंबू, कुत्री, खानसामा भरून होडी वरच्या डोहाकडे गेली. अजून आठवलं की माझं माथं भडकतं. तेव्हा मत काही सगळ्यांना नव्हतं. वाडीतल्या ज्या थोड्यांना होतं, त्यांत लढाईत पडलेल्या शिपायाची एक म्हातारी आई होती. मुलाची पेन्शन मिळते म्हणून तिला मत. तेही बदकांवरून ओवाळून टाकायचं?

सासऱ्यांना केंद्र सोडता येईना, म्हणून काहिलीत मी बसलो. वल्हं मारावं तर ती पुढे जायची सोडून जागच्या जागी गरगरे. दोन-दोन मतदार आणता आणता दिवस कलला. शेवटच्या खेपेला म्हातारी आली. माझं धोतर घट्ट धरून म्हणाली, "जावईबापू, लेकाच्या जिवावरचं मत हाय ह्ये. पान्यात नगा घालू."

शाळेत पोचलो तेव्हा वेळ नुकतीच टळली होती. एका उमेदवाराचा माणूस दारात आडवा आला. "मास्तर, टाइम सपला. आता न्हाई जमायचं."

सासरे उठले. "होडी सरकारनं नेली, तेव्हा उशीरही सरकारचा! बाई, तुम्ही आत या."

म्हातारीनं मत टाकलं, पेटीवरून हात फिरवला आणि पुटपुटली, "झालं रं बाबा." ते आमच्यापैकी कुणालाच नव्हतं.

पुढे वरून जाब विचारला. बदकांबद्दल साहेबाला नव्हे, वेळ टळल्यावर मत घेतलं म्हणून सासऱ्यांना! निवडणुकीचं काम त्यांना पुन्हा कधी दिलं नाही.

लोकल बोर्डाच्या पुढच्या निवडणुकीला मी सासुरवाडीतच होतो. सासरे सकाळपासून घरात दिसेनात. शोधत गेलो, तर घाटावर होडीची दोरी मुठीत धरून, तिला पाठ लावून उन्हात बसलेले. चेहरा कसा वाळला होता! म्हटलं, "चला, ताटं वाढलीत."

"तुम्ही जेवून घ्या," ते म्हणाले. "पलीकडची माणसं यायची आहेत अजून."