बयाबाईची हाक

पासलीच्या पुढे आमचं गाव, आणि गावापासून तासभर चढ चढलं की पाच घरांचा धनगरवाडा. तिथे बयाबाई राहते. आमची म्हैस आटली की ती बयाबाईकडे जाते. डोंगरातल्या चाऱ्यावर बयाबाई तिला सांभाळते आणि वीण जवळ आली की खाली आणून सोडते. सुगीला आम्ही तिला भात घालतो. तिच्या सासूपासून हे असंच चालत आलं आहे.

एका वर्षी आमची म्हैस कड्यावरून पडून मेली. बयाबाई तिच्या गळ्यातली घंटा घेऊन आली आणि माझ्या बायकोसमोर, सगुणाबाईसमोर, घरचं माणूस गेल्यासारखी रडली. पुढची म्हैस तिच्याकडे द्यायची की नाही, असा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडला नाही.

तिचा नवरा बिरू तरुणपणीच गेला. मुलगा संपत पुण्यात हॉटेलात कामाला आहे. नात आरती तिच्याजवळ असते. त्या वाड्यातून सातवीपर्यंत पोचलेली ही पहिली मुलगी. पहिली दोन वर्षं बयाबाई तिला रोज सोडायला उतरायची आणि शाळा सुटेपर्यंत ओढ्याकाठी काटक्या गोळा करत थांबायची. "मला घड्याळ कळंना, अण्णा," ती मला म्हणायची, "पर हिला कळाया पायजे."

एवढं सगळं मला माहीत होतं. तरी पुढचं घडलं, आणि ते माझ्यामुळे घडलं.

माझी नात शेफाली आरतीच्याच वर्गात आहे. टीव्हीवर मुलांनी लोकांना हसवायच्या स्पर्धेचा एक कार्यक्रम लागायचा, तो ती चुकवायची नाही. त्यात एका शहरातल्या मुलीने धनगरीण केली. तोंडाला काजळ फासलेलं, लुगडं गुडघ्यावर, मोबाईल उलटा धरून त्याच्याशी भांडत होती. परीक्षक हसून हसून खुर्चीतून घसरले. एक जण डोळे पुसत म्हणाला, "अस्सल! एकदम अस्सल!"

शेफालीने शाळेच्या ग्यादरिंगसाठी तेच धरलं. ओट्यावर तालीम सुरू झाली. म्हशींना हाक मारायची वेळ आली, तेव्हा तिने कोंबड्या हाकलाव्यात तशी मारली. मला राहवलं नाही.

"अगं, असली हाक ऐकून म्हैस डोंगर सोडून पळंल."

"मग कशी असते, आबा? तुम्हाला येते?"

येत होती. चाळीस वर्षं ऐकली होती. आधी लांब 'येऽऽ', मग म्हशीचं नाव, आणि शेवटी आवाज घशातच तोडायचा. मला कुणी काही विचारावं असं घरात फारसं होत नाही. मी उभा राहून करून दाखवलं. शेफाली टाळ्या पिटायला लागली. मग मला चेव आला. बयाबाई आमच्या पायरीवर कशी बसते, पदराने बशी पुसून चहा कशी पिते, तेही दाखवलं. ती पायरीवरच का बसते, हे शेफालीने विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं, की तिला आम्ही कधी वर बोलावलंच नाही.

आतून सगुणाबाई म्हणाली, "एवढी हौस हाय तर तुमीच नेसा की लुगडं!" आम्ही सगळे हसलो.

ग्यादरिंग शाळेच्या पटांगणात, भर दुपारी होतं. आरतीला हस्ताक्षराचं बक्षीस होतं, म्हणून बयाबाई धुवट लुगडं नेसून आली होती आणि मागे भिंतीपाशी उभी होती. शेफाली काजळ फासून आली तसे लोक हसायला लागले. मीही हसलो, नात माझी म्हणून जरा जास्तच. मग तिने हाक मारली. "येऽऽ मोरे, येऽऽ, हूऽऽ!" हुबेहूब. मोरी आमचीच म्हैस, तेव्हा डोंगरावर होती.

सगळं पटांगण मागे वळलं. कुणीतरी ओरडलं, "बये, तुझीच हाक की गं!"

बयाबाई तोंडाला पदर लावून हसली. आरतीने मान खाली घातली. नाव पुकारलं तेव्हा ती बक्षीस घ्यायला उठली नाही.

त्यानंतर ती शाळेत आलीच नाही. आठ दिवस झाले. शेफाली मला म्हणाली, "मी तर टीव्हीतलं केलं होतं, आबा."

"हाक टीव्हीतली नव्हती," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वर गेलो. बयाबाई अंगणात उभी राहून पत्र्याचा डबा काठीने बडवत होती. समोरच्या उतारावर म्हशी माना वर करून बघत होत्या, पण हलत नव्हत्या.

"हाक मार की," मी म्हणालो.

"न्हाई मारत आता. आरती म्हणती, आज्जे, तसं वरडू नगंस, लोक हसत्यात."

मी उंबऱ्याबाहेरच टेकलो. तिने घोंगडी आणली. "आत या, अण्णा. भाईर नगा बसू." आणि ती पसरून तिने मला आत बसवलं.

आरती चुलीपाशी होती. शेफाली म्हणाली, "चुकलं माझं."

"तुला हाक कुणी शिकवली?" आरतीने विचारलं.

 शेफालीने माझं नाव घेतलं नाही. ती मला वाचवत होती, हे कळून माझे कान तापले.

"म्या शिकवली," मी म्हणालो.

"मला ठावं व्हतं, अण्णा," बयाबाई म्हणाली. "पोरीला ती कुठनं येनार? माज्यावर हसलात त्याचं काय न्हाई. पर हिची शाळा सुटली तर मी काय करू?"

 मी आरतीला म्हणालो, "तू ये. म्या वर्गात येऊन सांगतो, कुणी शिकवलं ते."

"सगळ्यांम्होरं?"

"व्हय."

सोमवारी मी गेलो. चार माणसांत बोलायची मला सवय नाही. फळ्यापाशी उभा राहून पहिलंच वाक्य दोनदा म्हटलं, तशी मागची मुलं हसली. मी सांगितलं, की ती नक्कल माझी होती, आणि बयाबाई आमची म्हैस मुलीसारखी सांभाळते, तिची नक्कल करायला मला लाज वाटायला हवी होती. पुढचं विसरलो. आरती तिसऱ्या बाकावर होती. ती हसली नाही. तेव्हापासून ती रोज शाळेत येते.

चैत्रात बयाबाई मोरीला घेऊन खाली आली. मी म्हणालो, "बयाबाई, वर ये, ओट्यावर बस." ती पायरीवर बसत म्हणाली, "हितंच बरं हाय, अण्णा. सवय हाय." चहा पिताना त्या दिवशी तिने बशी पदराने पुसली नाही. माझ्याकडे एकदा बघितलं आणि तशीच प्यायली.

परवा सकाळी डोंगरावरून आवाज आला. मी अंगणात जाऊन कान दिला. डबाच होता.