ग्लुकोजवाली बसंतीबाई

घाटंजीहून आत शिरलं की डांबर संपतं, मग मुरूम संपतो, आणि जिथे आता काहीच उरलं नाही असं वाटतं तिथे बसंतीबाईचा तांडा लागतो. बसंतीबाई तिथली आशाताई. तिच्या वयाच्या बायकांत सातवी पास झालेली ती एकटीच, त्यामुळे तिचा तोरा तहसीलदारीणबाईला मागे टाकेल असा. मी आरोग्य केंद्रात कंप्युटरवर नोंदी भरतो, कंत्राटी. महिन्याच्या शेवटी ती कागद घेऊन यायची आणि टेबलाशी उभी राहून पहारा द्यायची.

"संघर्षा, नीट लिव्ह रे बापा. मागच्या खेपी तुनं माह्या सुखीबाईले पुरुष करून टाकलं."

"मावशी, चुकून बटण दाबलं गेलं."

"तिचं बाळंतपण झालं मागच्या महिन्यात. सरकार काय म्हणीन?"

सरकार काही म्हणालं नाही. सरकारच्या ते लक्षातही आलं नाही.

गर्भवतींच्या साखरेची तपासणी आमच्या भागात आली तेव्हा बसंतीबाईने ती सगळ्यात आधी मनावर घेतली. तपासणी सोपी होती. पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोजची अख्खी पुडी पाण्यात घोळून प्यायची, दोन तास बसायचं, मग बोटातून थेंबभर रक्त. आकडा एकशे चाळीसच्या आत आला तर ठीक, वर गेला तर यवतमाळ. गरोदरपणी साखर वाढली तर बाईला काही कळत नाही. बाळ मात्र पोटात वाढत जातं, नको तितकं, आणि कधी कधी पोटातच संपतं.

हे बसंतीबाईला कागदावरून कळलं नव्हतं. तिचा मुलगा बादल, सून वर्षा. वर्षाचं पहिलं बाळ पूर्ण दिवसांचं होतं, चार किलोचं होतं, आणि मेलेलं होतं. तांड्यातल्या बायका रडता रडताही म्हणत होत्या, काय गुटगुटीत होतं वं. तेव्हा यवतमाळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, साखरेमुळे असू शकतं, पुढच्या वेळी वेळेवर तपासा. आता वर्षाला पुन्हा दिवस गेले होते, आणि हे लेकरू जिवंत हाती घ्यायचं, एवढं एकच बसंतीबाईच्या डोक्यात होतं.

पण वर्षा एकटी तपासणीला जायला तयार नव्हती. एकटी गेली तर तांडा म्हणणार, हिच्यातच खोट आहे. म्हणजे सगळ्या पोटुशा बायका जमवणं आलं. बसंतीबाई घरोघर फिरली. रुपीबाईने ओट्यावरूनच वाटेला लावलं.

"आमच्या रक्तात साखर कुठून येईन वं? चहात टाकाले नाही."

दुसरी म्हणाली, साखर शेठलोकांना होते, बसून खाणाऱ्यांना. तिसरीचं निंदण चाललं होतं, दोन तास बसायला तिला सवड नव्हती. पहिल्या बुधवारी उपकेंद्रात आल्या दोन बायका. एक बसंतीबाई आणि दुसरी सिस्टर ममता.

मग बसंतीबाईने एक शब्द बदलला. आमच्याकडे ग्लुकोजची इज्जत देवाच्या खालोखाल आहे. ताप येवो, जुलाब लागोत, नाहीतर सासूशी भांडण होवो, डॉक्टरकडे गेलं की माणूस आधी म्हणतो, साहेब, एक बाटली लावून द्या. बाटली लागली की अंगात जीव येतो, अशी सगळ्यांची खात्री. बसंतीबाईने तपासणीचं नावच टाकून दिलं आणि तांडाभर सांगत सुटली, "येत्या बुधवारी सरकार फुकट ग्लुकोज पाजून राह्यलं. ताकदीचं. फक्त पोटुशा बायायले."

त्या बुधवारी बारा बायका आल्या. बाराही. दोन म्हाताऱ्यासुद्धा आल्या होत्या, त्यांना परत पाठवावं लागलं. तेव्हापासून तिचं नाव पडलं ग्लुकोजवाली. तिला ते आवडायचं.

ते दोन हजार सतराचं साल होतं. सप्टेंबर. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि बोंडअळी हटत नव्हती, म्हणून सगळा मुलूख पाठीवर पंप बांधून फवारत होता. फवारून आलेल्या माणसांचे डोळे चुरचुरायचे, पोटात ढवळायचं. आसपासच्या गावांतून काहींना यवतमाळला नेलं होतं, त्यातले सगळे परत आले नव्हते. बादललाही दोन दिवसांपासून चक्कर येत होती. तो आईला म्हणाला होता, "काही नाही याडी, उन्हानं झालं."

त्या बुधवारी उपकेंद्रात ममता सिस्टरने एकेकीच्या हातात पुडी दिली, पाण्याचा ड्रम दाखवला आणि ती वजनं घ्यायला बसली. तेवढ्यात त्या बारातली एक उठून वावराकडे पळाली. तिला धरून आणायला बसंतीबाई धावली. परत आली तेव्हा वर्षाचा गिलास रिकामा होता.

"पेली का?"

"पेली ना."

"कसं लागलं?"

"गोड."

दोन तासांनी वर्षाचा आकडा आला एकशे सव्वीस.

बसंतीबाई त्याच दुपारी माझ्या टेबलाशी हजर. "लिव्ह. वर्षा, नॉर्मल. मोठ्या अक्षरात लिव्ह."

"कंप्युटरात सगळे सारखेच लिहिले जातात, मावशी."

"मंग दोनदा लिव्ह."

मी एकदाच लिहिलं. बाराच्या बारा बायका, तपासणी पूर्ण.

दिवाळीनंतर वर्षाचं पोट डोळ्यांत भरायला लागलं. वेचणीला जाताना बायका थांबून पाहायच्या आणि म्हणायच्या, पोरगाच आहे, पैलवान. ममता सिस्टरला मात्र ते बरं दिसेना. ती म्हणाली, "मावशी, पुन्हा एकदा साखर पाहू का?"

"कायले? कार्डावर नॉर्मल लिव्हलं आहे ना तुमीच."

"लिहिलं आहे. पण पोट दिवसांच्या मानानं मोठं वाटते."

"नजर नका लावू, बाई."

एरवी लोकांना धरधरून तपासणीला आणणारी बसंतीबाई त्या दिवशी सुनेला घेऊन उठली. इतकी भीती वाटत होती तिला, की एकदा मिळालेला चांगला आकडा ती पुन्हा पणाला लावू शकली नाही.

नववा महिना लागला आणि एका सकाळी वर्षा म्हणाली, रातच्यानं हालचाल नाही. तांड्यातल्या हिरासिंगची जीप काढली. यवतमाळला पोचेपर्यंत बसंतीबाई वाटभर सुनेच्या पोटावर हात ठेवून होती. मुलगी झाली. सव्वाचार किलोची. मेलेली.

डॉक्टरीणबाईंनी वर्षाची साखर तपासली तर दोनशे अडुसष्ट. त्या चिडल्या. "तपासणी केली नव्हती का?"

बसंतीबाईने पिशवीतून कार्ड काढून पुढे केलं. ते तिने प्लॅस्टिकमध्ये जपलं होतं. बाई कार्डाकडे पाहत राहिल्या, मग वर्षाकडे वळल्या. आवाज खाली आला होता.

"बेटा, ग्लुकोज पूर्ण पिलं होतं का?"

वर्षा खोटं बोलणारी नाही. "आदी पुडी पेली."

"आणि अर्धी?"

"यायच्यासाठी ठुली." तिने दाराकडे मान वळवली. "फवारणीनं चक्कर येत होती यायले. आईनंच सांगतलं होतं, ताकदीचं आहे म्हणून. मी एकटी कशी पेऊ?"

दारात बादल उभा होता, हातात डबा घेऊन.

"ते गोड पाणी?" तो म्हणाला. "पदरातली पुडी घोळून देल्लं होतं ते?"

तो डबा खाली ठेवून बाहेर गेला आणि जिन्यात बसला. बसंतीबाई त्याच्यामागे गेली नाही. तिने वर्षाचे पाय दाबायला घेतले आणि दाबतच राहिली. शेवटी वर्षाच म्हणाली, "आई, दुखून राह्यलं."

डॉक्टरीणबाईंनी सुट्टी देताना समजावून सांगितलं. पुढच्या वेळी पहिल्या महिन्यापासून तपासू, इंजेक्शनं देऊ, लेकरू नीट होईल. बसंतीबाईने ते घरी दहादा सांगितलं. दहाव्यांदा वर्षा म्हणाली, "तुमी दुसऱ्या बायायले सांगजा." त्यानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही. बादल आईशी कामापुरतं बोलतो. बायकोशी तेवढंही नाही, आणि तो रागावलेला नाही हे वर्षाला कोण समजावणार?

मार्चमध्ये तालुक्याला आशांची सभा झाली. मी कंप्युटर घेऊन कोपऱ्यात होतो. तालुका आरोग्य अधिकारी साहेबांनी तांड्याचं नाव वाचलं. दुर्गम भाग असूनही बारापैकी बारा गर्भवतींची साखरेची तपासणी, शंभर टक्के. टाळ्या झाल्या. बसंतीबाईला पुढे बोलावलं. ती गेली आणि प्रमाणपत्राला हात न लावता उभी राहिली.

"साहेब, बारा नाही. अकरा लिव्हा."

"काहून? बारा झाल्या ना?"

"एकीची झाली नाही. तिनं आदंच पेलं. माह्या घरची आहे."

मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "काय रे, दुरुस्ती होते का?"

मी म्हणालो, "नाही सर. नोंद वर गेली की लॉक होते."

ते खरंच होतं. मी आधीच करून पाहिलं होतं, दोनदा.

"मग झालं तर," साहेब म्हणाले. "बाराच आहेत."

त्यांनी प्रमाणपत्र तिच्या हातात दिलं. फोटोवाला म्हणाला, मावशी, इकडं पाहा, जरा हसा. तिने तिकडे पाहिलं.