नवरंगाची शीळ

मला शीळ चांगली घालता येते. लहानपणी आई ओरडायची, "पोरीच्या जातीनं सीटी मारू नये!" मग मी परसात जाऊन मारायची. साठी उलटल्यावर त्याच शिळेनं मी एका माणसाचा अख्खा पावसाळा नासवला आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

आमचं घर हिंदी मुलखात, महाराजपूरला. हे खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीतून रिटायर झाले, तेव्हापासून आम्ही दोघं सकाळी स्कूटरवर शहराबाहेरच्या निसर्ग उद्यानात फिरायला जातो. तिथे तलाव आहे, चितळ आहेत, मगरींपासून सावध राहा अशी पाटी आहे. पण माझा जीव नवरंगात. पावसाच्या तोंडावर तो येतो. हिरवी पाठ, शेपटीखाली लाल, डोळ्यावरून काळी पट्टी, आणि दोनच सुरांची स्वच्छ शीळ. त्याची शीळ मी हुबेहूब काढते. यंदा एका जोडीनं बांबूच्या बेटात, जमिनीलगत घरटं केलं होतं. काटक्या आणि वाळक्या पानांचा गोळा, बाजूला छोटंसं दार. आत पिल्लं होती. मी लांबूनच बघायची आणि पुढे जायची.

आमच्या मराठी मंडळातले एक साहेब आहेत. सिविल लाइन्सला बंगला, तोफेच्या नळीएवढी लेन्स, अंगात पानांच्या छापाचं जाकीट. मी रोज एकाच जागी रेंगाळते हे त्यांनी हेरलं. एका सकाळी बघते तर हे गृहस्थ कात्री घेऊन घरट्यावरच्या फांद्या छाटताहेत.

"अहो, हे काय करून राहिले तुम्ही?"

"फ्रेम साफ करतोय, वहिनी. पानं मध्ये येऊन राहिली ना."

फोटोवाल्यांची ही रीतच आहे म्हणे. पक्ष्यानं लपायला निवडलेला आडोसा यांना कचरा वाटतो. मी कात्री हिसकावायला गेले, तोवर काम झालं होतं. दुसऱ्या दिवशी घरटं फाटलेलं होतं आणि वरच्या फांदीवर घरटी लुटणारा टकाचोर पक्षी चोच पुसत बसला होता. नवरंगाची जोडी चोचीत गांडूळ घेऊन त्या गोळ्याभोवती फिरत होती. मला रडू आवरेना.

साहेबांना सांगितलं, तर ते हसले. "निसर्गाचा नियम आहे, वहिनी. टकाचोरानं पिल्लं खाल्ली, मी थोडीच खाल्ली? जोडी पुन्हा घरटं बांधेल, तेव्हा भरवतानाचा फोटो काढू. गणपतीतल्या प्रदर्शनात लावायचा आहे."

हे म्हणाले, "चलो, जाऊ दे आता." मी जाऊ दिलं नाही. माझं डोकं एकदा सणकलं की लवकर शांत होत नाही, हे यांना चांगलं ठाऊक आहे.

जोडीनं खरंच पुन्हा घरटं केलं, ओढ्याच्या काठी. ते साहेबांच्या आधी मला सापडलं. साहेब मोबाइलवर नवरंगाचा आवाज लावून, त्याला भुलवून बाहेर काढत हिंडत होते. म्हटलं, भुलवायचंच आहे ना? मग मीही भुलवते.

दुसऱ्या दिवसापासून मी तलावाच्या पलीकडे, घरट्यापासून पार लांब, घाणेरीच्या जाळीमागे जाऊन बसू लागले. साहेबांची गाडी आली की दोन सूर सोडायचे. साहेब कान टवकारायचे आणि पोटावर सरपटत जाळीत शिरायचे. काटे, चिखल, गोचीड. ते जवळ आले की मी गप्प. मागे फिरले की पुन्हा शीळ. हे लांब बाकावर बसून रुमालात तोंड खुपसून हसायचे. साहेबांच्या मानेवर गोचिडीचे लाल चट्टे बघितले की मला चहा गोड लागायचा.

इकडे ओढ्याकाठची पिल्लं मोठी झाली आणि उडाली. ती उडाली हे मी साहेबांना कळू दिलं नाही. आणखी आठवडाभर त्यांना घाणेरीत लोळवलं.

गणपतीत त्यांनी मोराचा फोटो लावला. "नवरंग बडा चालाख निघाला," ते चार लोकांत सांगत होते, "रोज आवाज देत होता, पण दिसला नाही." मी त्यांच्या ताटात आणखी एक मोदक वाढला. यांना ठसका लागला.

कुणाला वाटेल, एवढ्यावर माझं मन निवलं असेल. नाही निवलं. गांडूळ घेऊन फिरणारी ती जोडी अजून डोळ्यांसमोर येते.

आता थंडी पडली आहे. नवरंग केव्हाच दक्षिणेला निघून गेले. सिविल लाइन्सला माझी बहीण राहते, तिच्याकडे सकाळी जाताना साहेबांचा बंगला लागतो. परवा त्यांच्या कुंपणाबाहेर उभी राहून मी सहज दोन सूर सोडले. साहेब बनियनवर, गळ्यात कॅमेरा अडकवून, बाल्कनीत धावत आले. काल पुन्हा तेच केलं.

आज मंडळाच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला आहे. नवरंग ऐन थंडीत त्यांच्या बागेत मुक्कामाला आहे, हा मोठाच शोध आहे. शहरातल्या सगळ्या पक्षीवाल्यांना त्यांनी रविवारी सकाळी घरी बोलावलं आहे, ऐकायला. चहा-पोहेही ठेवले आहेत.

हे मला विचारत होते, "मग रविवारी काय करणार?"

रविवारी मी घरीच बसणार आहे.