सांगा बघू, मी कोण?

माझ्या वडिलांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा ते धोतर नेसत होते. उजव्या हातातल्या निऱ्या सुटल्या, ते मटकन खाली बसले आणि आईला काहीतरी सांगू लागले. आवाज नेहमीचा, हेल नेहमीचा, पण त्यात एकही शब्द नव्हता. आईला आधी वाटलं, थट्टा चाललीय. तसा त्यांचा स्वभावच होता.

आम्ही तेव्हा कल्याणला राहत होतो, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. दोन खोल्या आणि पुढे ओटा. स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झालेली, धान्य अजून रेशनवर. वडील लाकडाच्या एका वखारीत कारकून होते. संध्याकाळी ते ओट्यावर बसले की येणारा-जाणारा पाच मिनिटं थांबल्याशिवाय पुढे जात नसे. त्यांना बोलायला विषय लागत नसे, माणूस लागे. एखादी गोष्ट चौथ्यांदा सांगतानाही ती अशी रंगवत की आई चुलीपुढून म्हणायची, “मागच्या खेपेला साप एवढा मोठा नव्हता हो.”

अशा माणसाची वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, “पाय सुधारेल हळूहळू. वाचेचं नक्की सांगता येत नाही. त्यांना बोलतं ठेवा.” डॉक्टर भला माणूस होता, त्याने सांगितलं ते बरोबरच होतं. पण ‘बोलतं ठेवा’ याचा जो अर्थ आमच्या लोकांनी घेतला, त्याचा मला आजही संताप येतो.

लोक भेटायला येऊ लागले. कोणी नारळ घेऊन, कोणी मोसंबी घेऊन. खाटेच्या कडेवर बसायचं, तोंड जवळ न्यायचं आणि मोठ्याने विचारायचं, “ओळखलंत का मला? सांगा बघू, मी कोण?” वडील ओळखायचे. डोळ्यांत ओळख स्वच्छ दिसायची. हसायचे, ओठ जुळवायचे, मग कपाळावर घाम. समोरचा थांबायला तयार नसे. “आठवा, आठवा! गणपतीला येतो ना मी तुमच्याकडे?” शेवटी वडील भिंतीकडे तोंड करायचे आणि पाहुणा उठताना त्यांच्यादेखत आईला सांगायचा, “नाही हो, काही राहिलेलं नाही.” कान शाबूत होते त्यांचे! पण वाचा गेलेल्या माणसाला ऐकूही येत नाही, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं.

वडिलांचे थोरले भाऊ, आमचे काका, ठाण्याला असत. शाळेचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. आजोबा लवकर गेले, तेव्हा वडिलांना काकांनीच वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. वडील चाळिशी उलटली तरी काकांपुढे पानसुपारी खात नसत, काका आले की उठून उभे राहत. धाकट्या भावाची वाचा गेल्यावर काकांनी कंबर कसली. एक दिवसाआड सकाळच्या गाडीने कल्याणला येत, पिशवीतून पाटी काढत आणि चित्रांचा तक्ता भिंतीला लावत. गाय, कमळ, घर, छत्री.

“हे काय? नीट बघ. गा...”

“गा,” वडील म्हणायचे.

“गाय. म्हण गाय. शाब्बास! आता हे? अरे, परवा आलं होतं ना तुला? परवा आलं आणि आज कसं नाही येत?”

परवाचं आज राहत नसे, हे खरं होतं. काका पाऊण तास घोकून घ्यायचे, शब्द यायचा आणि संध्याकाळी पुन्हा गायब. वखारीतल्या साऱ्या लाकडांचे भाव ज्याच्या जिभेवर असत, तो माणूस कमळाच्या चित्रापुढे मान खाली घालून बसायचा. मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते, दारात पुस्तक घेऊन बसत असे आणि माझं लक्ष एका ओळीवर ठरत नसे.

आमच्याकडे मासळीशिवाय जेवण गोड लागत नसे. खाडीवरून एक मासळीवाली पाटी घेऊन यायची. वडील धडधाकट असताना त्यांचं आणि तिचं किमतीवरून रोज भांडण व्हायचं. दुखणं आल्यावर आईनेच तिच्याकडून मिळेल ते घ्यायला सुरुवात केली. एका सकाळी आई मोरीत होती, वडील ओट्यावर उन्हाला बसले होते. मासळीवालीने पाटी उतरवली आणि सवयीने त्यांनाच विचारलं, “काय देऊ रं दादा? बोईट का कोलंबी? बोल लवकर, पाटी तापतेय माझी.”

तिला त्यांची कीव करायला वेळ नव्हता. पुढची घरं राहिली होती आणि ऊन चढत होतं.

वडिलांनी डावा हात पुढे केला, एका बोइटाचा कल्ला उचलून पाहिला आणि म्हणाले, “नको.”

मी पुस्तक मिटलं.

“नको? का नको?”

“शि... शिळं.”

“शिळं? आता काढलंय खाडीतनं, आता! तुझं डोलं गेलं का काय दादा?”

वडील हसले. कित्येक दिवसांनी पोटातून हसले. मग त्यांनी कोलंबीकडे बोट केलं आणि म्हणाले, “ही. मोठी. मोठी दे.” आई ओल्या हातांनी मोरीच्या दारात उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मासळीवाली मात्र शिळं म्हटल्याबद्दल पुटपुटतच पाटी डोक्यावर घेऊन गेली.

त्या दिवसापासून आईने बाजार वडिलांवर सोपवला. तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण तिने ते ओळखलं. त्यांना काही विचारायचं असलं तर ती असंच विचारायची की ज्याचं उत्तर तिला माहीत नसे. भाजी कोणती करू? दार उघडं ठेवू की लावू? आणि विचारून झालं की कामाला लागायची, तोंडाकडे बघत बसायची नाही. शब्द येऊ लागले. नको, उद्या, चिंबोरी, लुटतेस, खारट, दार, पुरे. गंमत म्हणजे हे शब्द कोणी घोकून घेत नव्हतं, तरी ते दुसऱ्या दिवशी जागेवर असत. ‘नको’ तर त्यांचा इतका आवडता झाला की जिथे हवं असे तिथेही आधी ‘नको’ म्हणायचे आणि मग मिश्कील हसून घ्यायचे. एका दुपारी मी त्यांना पंख्याने वारा घालत होते. त्यांनी माझा हात धरून थांबवला आणि सावकाश, शब्दाशब्दाला थांबत म्हणाले, “मला नको वारा. तू वाच.” मी आत जाऊन रडले. वाटलं, आले बाबा परत.

याच दिवसांत एकदा काकांनी पाटीवर मासा काढला. छान काढला होता, खवल्यांसकट. “हे काय?” सकाळी ओट्यावर तीन जातींची मासळी नावानिशी नाकारलेले वडील त्या चित्राकडे बघत राहिले. ओठ हलले, घाम आला, मान खाली गेली. मासा म्हणता आलं नाही त्यांना.

पुढे मीही शाळेत शिकवलं, आणि वर्गात प्रश्न विचारताना मला ते दृश्य हटकून आठवायचं. ज्याचं उत्तर विचारणाऱ्याच्या खिशातच आहे, त्या प्रश्नात उत्तर देणाऱ्याचं काय असतं? पास होणं किंवा नापास होणं, एवढंच. मासळीवालीला उत्तर खरोखर हवं होतं. वडील काय म्हणतील त्यावर आमची दुपारची आमटी ठरत होती. जे आपल्या हातात आहे त्याच्यासाठी डोकं धावत जाऊन शब्द आणतं. जे नाही, त्याच्यासाठी ते जागचं हलत नाही. हे मला आज मांडता येतं. तेव्हा मांडता आलं असतं तरी ऐकलं कोणी असतं?

कारण एके दिवशी काका लवकरच्या गाडीने आले आणि त्यांनी ते ओट्यावरचं भांडण पाहिलं. रस्त्यातच थांबले. डोळे भरून आले त्यांचे. मला वाटलं, आता यांना कळलं. ते पुढे झाले, पिशवी ठेवली, मासळीच्या पाटीपाशी उकिडवे बसले आणि एक मांदेली उचलून आनंदाने म्हणाले, “वा! हं, सांग बघू, ही कोणती? आणि ही?”

वडील काकांना बघून उठून उभे राहू लागले होते. अर्धवट उठलेले तसेच खाली बसले. काकांच्या हातातल्या मांदेलीकडे बघितलं. “अरे, आत्ता तर बोलत होतास!” काका म्हणाले. मासळीवाली थोडा वेळ थांबली, मग म्हणाली, “घ्यायचं नाय तर जाऊ द्या मला,” आणि गेली.

काकांचं मत पडलं की वाचा आहे, फक्त शिस्त नाही. ते आमच्याकडे राहायलाच आले. रोज मासळीवाली यायची, काका वडिलांच्या शेजारी बसायचे. एकेका मासळीचं नाव वदवून घ्यायचे, बरोबर आलं तर शाब्बास, चुकलं तर पुन्हा. कोणती घ्यायची ते काका ठरवत, कारण आजारी माणसाला वातूळ चालत नाही. चांगली मासळी घेत, स्वतः पैसे टाकत. आई त्यांच्याशी समोरासमोर बोलत नसे, थोरले दीर ते. पदर सावरून दाराआडून मला म्हणाली, “त्यांना सांग, ह्यांना जरा एकटं सोडा म्हणावं.” मी सांगितलं. काकांचा चेहरा उतरला. “एकटं सोडू? माझ्या भावाला? आता?” म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसू लागले. माया खोटी असती तर भांडता तरी आलं असतं.

आधी ‘लुटतेस’ गेलं. मग ‘उद्या’. मग एकेक करून बाकीचे. शेवटी ‘नको’ही गेलं. त्याच्या जागी ‘हो’ आलं. पाणी? हो. झोपायचं? हो. गाय? हो. काकांनी पावसाळाभर प्रयत्न केले आणि एक दिवस तक्ता भिंतीवरून काढून गुंडाळला. “माझ्या हाताला यश नाही,” म्हणाले, आणि ठाण्याला गेले. वर्षभरात ते स्वतःच वारले.

आईला वाटलं, आता घर आपलं. तिने वडिलांना ओट्यावर बसवलं, मासळीवालीला हाक मारली आणि स्वतः आत निघून गेली. वडिलांनी पाटीकडे पाहिलंच नाही. ते मागे वळून दाराकडे बघत राहिले, कोणी बाहेर येतंय का म्हणून. तसं आईने पुष्कळ दिवस करून पाहिलं. भाज्यांचं, दाराचं, सगळं. मग तिने हात टेकले.

ते आणखी आठ-नऊ वर्षं होते. मी लग्न होऊन डोंबिवलीला गेले, अधूनमधून येत असे. एका खेपेला आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. आईने डाव वर धरला आणि विचारलं, “भात वाढू?” वडिलांनी आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या. भुवया आक्रसून, मन लावून ते आमचे चेहरे वाचत होते, कोणतं उत्तर बरोबर आहे ते शोधत. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. आईने घाईघाईने भात वाढला, आणि त्यांना भूक होती की नव्हती ते आम्हाला कळलं नाही.