लग्न खरं असल्याचा पुरावा

नवऱ्यानं मला पहिल्यांदा मारलं ते लग्नानंतर सोळाव्या दिवशी, धुळ्याच्या घरात. मी त्याच्या मित्रांसमोर फोनवर इंग्रजीत बोलले म्हणून. कानाखाली अशी बसली की फोनवरची बाई पलीकडून विचारत राहिली, काय पडलं?

मी कॅनडात नर्स, माहेर जळगावचं. तिथे कायम राहायचा परवाना मला लग्नाआधीच मिळाला होता आणि आता नवऱ्याला स्पॉन्सर करून न्यायचं होतं. सुट्टीवर यायचे आणि मार खायचे. एकदा पट्ट्यानं, एकदा हेल्मेटनं. तिकडे गेला की सुधारेल, असं मीच माझी समजूत घालत होते. हाडं जोडणाऱ्या वॉर्डात काम करणाऱ्या बाईची ही अक्कल.

लग्नाचा दाखला, फोटो, फोनच्या नोंदी सगळं जमलं. त्याला पोलिसांचा दाखलाही स्वच्छ मिळाला. मिळणारच. तक्रार करायची ती मी, आणि मी तर सुजलेल्या डोळ्यानं त्याच्या कागदांच्या झेरॉक्स काढत फिरत होते. उरलं होतं माझ्या सहीचं हमीपत्र: तो तिथे आल्यापासून तीन वर्षं त्याच्या पोटापाण्याची जबाबदारी माझी, मध्ये लग्न मोडलं तरी. शिवाय हा संसार खरा आहे, असं ओळखीच्या माणसाचं पत्र हवं होतं. सासूबाईंनी शेजारच्या अक्का सुचवल्या. त्यांच्या आमच्या घराला भिंत एकच.

अक्का दुपारी स्वयंपाकघरात येऊन बसल्या. त्या सांगणार, मी लिहिणार, शेवटी त्या सही करणार. पदर सारखा करून त्यांनी कोर्टात उभं राहिल्यासारखं आपल्या अहिराणीत सुरू केलं.

‘‘लिख माय. या दोन्ही खरा नवरा-बायको शेतस. मी भितना पल्याड राहस, मले बठ्ठं ऐकू येस. तो तिले मारस, ती रडस. मंग सकाय ती त्यालेच चहा देस. परकी बाईले कोनी असं मारस का?’’

मी लिहीत गेले. एकही शब्द गाळला नाही. वाचून दाखवल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘बराबर शे ना?’’

‘‘बरोबर आहे,’’ मी म्हणाले. त्यांनी सही केली आणि समाधानानं घरी गेल्या. मला त्यांचा भयंकर राग आला. एवढं ऐकत होत्या आणि एकदा दार वाजवलं नाही. त्याहून जास्त राग माझा मला आला.

नवऱ्यानं पत्र वाचलं. ‘‘फाड हे. दुसरं लिही.’’

‘‘नाही. आणि मी हमीपत्रावर सहीही करणार नाही.’’

त्यानं केस धरून माझं तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. पुढचा दात तुटला. तो पत्र ओढायला लागला तेव्हा मी लाटणं उचललं आणि त्याच्या मनगटावर घातलं. पुन्हा घातलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणावर हात उचलला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? सासूबाई दारात उभ्या राहून दोघांनाही गप्प व्हा म्हणत होत्या. शेजारी काय म्हणतील, ही त्यांना काळजी.

ओढणीनं तोंड दाबून, पत्र हातात घेऊन मी पायी पोलीस चौकीत गेले. हवालदारानं तक्रार लिहून घेतली आणि साक्षीदार कोण, असं विचारलं. मी अक्कांचं पत्र पुढे केलं.

आठवड्यानं कपडे न्यायला जळगावहून आले तेव्हा अक्कांच्या दारापाशी थांबले. पोलीस त्यांच्याकडे जाऊन आले होते. त्यांनी दार अर्धंच उघडलं. डोळे रडून लाल झाले होते.

‘‘मी ते तुन्हं लगीन खरं शे, इतलंच सांगं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तू मन्हा कागद पोलिसले दिधा.’’

‘‘खरंच होतं, अक्का,’’ मी म्हणाले.